जुन्या ३०० टीईचा दम परत मिळवताना

श्टुटगार्टहून ए८ ने उल्मकडे निघालं की आयशेलबर्ग मागे पडल्यावर श्वेबिश आल्बचा घाट लागतो. द्राकेन्श्टाइनच्या कड्याला बिलगून वर जाणारा हा दोन लेनचा जुना रस्ता, बाजूला थांबायलाही जागा नाही. या घाटात माझ्या गाडीला धाप लागायची. पाय तळापर्यंत दाबला की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खालचा गिअर टाकायचा, इंजिनाचा आवाज चढायचा, पण काटा मात्र हळूहळू खालीच यायचा. मागचा ट्रकवाला आरशात मोठा होत जायचा.

गाडी १९९० सालची मर्सिडीज ३०० टीई, म्हणजे डब्ल्यू१२४ मालिकेतली स्टेशन वॅगन. इंजिन एम१०३, एका ओळीत सहा सिलिंडर, २,९६० सीसी, सिलिंडरमागे दोनच व्हॉल्व्ह. कॅटलिटिक कन्व्हर्टरसह कागदावर १८० अश्वशक्ती. दीड टनाच्या गाडीला ही ताकद आजच्या हिशेबानेही कमी नाही. पण माझ्या गाडीत ती कुठे गेली होती कोण जाणे.

या वॅगनवर माझा जीव जडण्याचं मूळ पिंपरी-चिंचवडमध्ये आहे. १९९२ मध्ये टाटा इस्टेट आली, तिची मागची बाजू आणि एकूण ठेवण बघून जाणकार म्हणायचे की ही थेट मर्सिडीजच्या टी-मॉडेलवरून, म्हणजे तिच्या वॅगनवरून घेतलीय. पुढे १९९५ मध्ये टेल्कोच्या आवारात डब्ल्यू१२४ ची जुळणीही सुरू झाली, पण त्या सगळ्या सेडान. ज्या गाडीची छाया आम्ही लहानपणी रस्त्यावर पाहिली, ती खरी वॅगन पाहायला मिळाली इथे जर्मनीत, कामानिमित्त आल्यावर. ती ब्रेमेनच्या कारखान्यात बनायची आणि तिचं हे इंजिन माझ्या घरापासून जवळच, उंटरट्युर्कहाइमला.

ओळखीच्या गाडीवाल्यांकडे विषय काढला की सल्ल्यांचा पाऊस पडतो. कोन फिल्टर बसव. स्पोर्ट एक्झॉस्ट टाक. हे इंजिन काढ आणि चोवीस व्हॉल्व्हचं एम१०४ बसव, २२० अश्वशक्ती मिळते. एकाने तर त्या काळी अफाल्टरबाखची एएमजी ही इंजिनं वाढवून देणारी कंपनी हेच इंजिन ३.२ लिटरपर्यंत वाढवून द्यायची, तसं करून घे म्हणून सांगितलं. यात चुकीचं काही नाही. पण माझी गाडी तीस वर्षं ओलांडून एच नंबर प्लेटवर आहे. जर्मनीत ही ऐतिहासिक वाहनाची प्लेट मिळाली की रस्ता कर वर्षाला सरसकट १९१ युरो ७३ सेंट आणि शहराच्या पर्यावरण क्षेत्रातही मोकळीक. त्याची अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, बदल असलेच तर त्या काळाला शोभणारे हवेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जे इंजिन स्वतःचे १८० घोडे देत नाही त्याच्यावर आणखी पैसे ओतायचे कशाला? आधी कारखान्याने दिलेलं परत मिळवायचं, असं मी ठरवलं.

म्हणून सगळ्यात आधी डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या मशीनवर गेलो. जुन्या गाडीचं काम काढणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मला मनापासून वाटतं. 'गाडी ओढत नाही' ही भावना झाली. कागदावर आलेख आला की भांडायला काहीतरी ठोस मिळतं. आलेखात १५१ अश्वशक्ती दिसली. म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा गायब. शिवाय टॉर्कची रेघ खालच्या आरपीएमला दातेरी, आणि चार हजारांनंतर जी आडवी व्हायची ती वर जायचं नावच घेईना. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत हे तेव्हाच लक्षात आलं, आणि पुढचं सगळं काम त्यावरच उभं राहिलं.

मदतीला आमच्या भागातले एक निवृत्त मेकॅनिक होते. या पिढीच्या गाड्यांवर त्यांचा हात आयुष्यभर बसलेला. बोलणं कमी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कॉम्प्रेशन पाहिलंत?" इथे तासाच्या भाड्याने लिफ्ट मिळणारी गॅरेजं असतात, अवजारंही तिथलीच वापरायची. तिथे गरम इंजिनावर सहाही प्लग काढून गेज लावला. सगळे सिलिंडर अकरा बारच्या आसपास, आपसात फरक नगण्य. या इंजिनात कॅमशाफ्टचे लोब झिजतात, म्हणून व्हॉल्व्ह कव्हर काढून तेही पाहिले, बोटाने चाचपले. गुळगुळीत. म्हणजे इंजिनाचं अंग निरोगी होतं. हेड उतरवायची, रिंगा बदलायची गरज नाही, हे कळल्यावर खर्चाची अर्धी भीती गेली.

प्लग काढले तेव्हाच एक धागा हाती लागला. आधीच्या मालकाच्या कुठल्याशा गॅरेजने आधुनिक रेझिस्टर प्लग बसवले होते. एम१०३ मध्ये रेझिस्टर प्लगच्या टोपीत आणि रोटरमध्ये (ठिणगी एकेका सिलिंडरला वाटणारा फिरता तुकडा) आधीच दिलेला असतो, त्यामुळे प्लग बिनरेझिस्टरचे, साधे तांब्याच्या गाभ्याचे लागतात. दोन्हीकडे रेझिस्टर आला की ठिणगी अशक्त होते. शिवाय डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आतल्या टोकांवर हिरवट पांढरी पूड साचलेली, रोटरचं टोक जळून खडबडीत. प्लग, कॅप, रोटर, वायरी असा सगळा संच नवा घेतला. महाग नाही, पण मूळ दर्जाचाच घ्यावा. स्वस्तातली कॅप या इंजिनाच्या तोंडावर, तेल आणि उष्णता यांच्या मधोमध बसते आणि फार टिकत नाही.

इग्निशनच्या बाबतीत आणखी एक जागा सहसा कुणी पाहत नाही. ठिणगी कधी टाकायची हे ठरवणारा ईझेडएल नावाचा डबा फेंडरला लागून असतो. इंजिनावर भार किती आहे हे त्याला मॅनिफोल्डकडून येणाऱ्या एका बारीक प्लास्टिकच्या व्हॅक्यूम नळीतून कळतं. माझ्या गाडीत ती नळी एका वळणावर केसाएवढी तडकली होती. व्हॅक्यूम पोचत नाही म्हटल्यावर डबा समजतो की इंजिन कायम पूर्ण भाराखाली आहे, आणि ठिणगी मागे ठेवतो. परिणाम म्हणजे साध्या शहरी चालवण्यात गाडी जड वाटते आणि पेट्रोल जास्त पिते. काही सेंटिमीटर नळी, बस.

आता वरच्या टोकाची तक्रार. मेकॅनिकबुवांनी एअर फिल्टरचं घर काढायला लावलं आणि थ्रॉटलचा लिव्हर दिसेल असा टॉर्च धरला. बायकोला गाडीत बसवलं.

"पाय पूर्ण दाब," मी म्हणालो.

"दाबलाय की."

"आणखी?"

"अरे, तळाला टेकलाय. आणखी कुठे दाबू?"

इकडे लिव्हर शेवटच्या थांब्यापासून चांगला बोटभर अलीकडे उभा. म्हातारबुवांनी हाताने ढकलला तर सहज पुढे गेला. पेडलपासून थ्रॉटलपर्यंत एकामागून एक दांड्या, गोळ्यांचे सांधे आणि प्लास्टिकचे बुश असतात. प्रत्येकात थोडी झीज, आणि बेरीज होऊन थ्रॉटल कधी पूर्ण उघडतच नव्हता. गंमत बघा, या गाडीत किकडाउनचा, म्हणजे पाय पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर टाकायला लावणारा स्विच पेडलच्या खाली असतो. त्यामुळे गिअरबॉक्सला 'पूर्ण दाबलंय' हे कळत होतं, तो इमानेइतबारे खालचा गिअर टाकत होता, पण इंजिनाला तेवढी हवा मिळत नव्हती. घाटातला तो नुसता आवाज, ओढ नाही, हा प्रकार यातूनच. शिवाय थ्रॉटल पूर्ण उघडल्याशिवाय त्याच्या स्विचमधला फुल-लोडचा काँटॅक्ट जुळत नाही, आणि तो जुळल्याशिवाय कंट्रोल युनिट पूर्ण भारासाठी लागणारं जास्तीचं पेट्रोल देत नाही. म्हणजे हवाही कमी आणि मिश्रणही पातळ, त्यात पेट्रोलचा वाटा कमी.

पेडलचा बुश, दोन सांधे आणि एक वाटी बदलली, दांडीची लांबी जुळवली. मग मल्टिमीटर लावून फुल-लोडचा काँटॅक्ट खरंच जुळतो का ते पाहिलं. थ्रॉटल जुळवला की गिअरबॉक्सला जाणारी बोडन केबलही नव्याने लावावी लागते, नाहीतर गिअर भलत्याच वेळी पडतात. अर्ध्या दिवसाचं काम. सगळ्यांत जास्त ताकद याच कामाने परत दिली आणि सगळ्यांत कमी पैसेही यालाच लागले.

खालच्या आरपीएमची दातेरी रेघ मात्र अजून तशीच होती. आयडलिंगला गाडी थरथरायची, सिग्नलवर थांबलं की स्टिअरिंगमध्ये जाणवायचं. इथे केई-जेट्रॉनिकच्या पोटात शिरावं लागतं, आणि मला हा भाग फार आवडतो. बॉशची ही इंजेक्शन पद्धत मूलतः यांत्रिक आहे. आत येणारी हवा एका गोल तबकडीला खाली दाबते. तबकडी जितकी दाबली जाईल तितका एक दट्ट्या वर सरकतो आणि सहाही इंजेक्टरना सतत, न थांबता पेट्रोल सोडतो. वर इलेक्ट्रॉनिक्सचा हात फक्त बारीक दुरुस्तीपुरता. तबकडीला बगल देऊन जी हवा मागून आत शिरते, ती कुणी मोजलेलीच नसते. तेवढ्यापुरतं पेट्रोल मिळत नाही आणि मिश्रण पातळ होतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर दुरुस्तीचा प्रयत्न करतो, पण त्याच्या हातात फार काही नसतं.

ही चोरटी हवा आयडलिंगला आणि हलक्या भाराला सगळ्यांत जास्त छळते, कारण तेव्हा मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जोरात असतो आणि मोजलेली हवा थोडी. पूर्ण थ्रॉटलला तिचा प्रभाव जवळजवळ उरत नाही. डायनोच्या आलेखात खालची रेघ वेगळी आणि वरची वेगळी का वागत होती, त्याचं उत्तर हे.

शोधायची रीत साधी. थंड इंजिन सुरू करून संशयाच्या जागी ब्रेक क्लीनरचा अगदी थोडा फवारा द्यायचा. आरपीएम हलला की तिथे गळती. आगीची भीती असते, म्हणून अग्निशामक हाताशी ठेवला आणि गरम एक्झॉस्टच्या बाजूला अजिबात फवारा मारला नाही. इंजेक्टरांच्या मुळाशी फवारा गेला आणि इंजिनाचा सूर लगेच बदलला. इंजेक्टर उपसून काढले तर त्यांच्याभोवतीच्या रबरी सील वाळलेल्या आमसुलासारख्या झालेल्या, नखाने दाबल्यावर तुकडा पडला. रबर म्हणून त्यांच्यात काही शिल्लकच नव्हतं. ज्या प्लास्टिकच्या बाहीत त्या बसतात त्याही ठिसूळ झालेल्या, दोन तर काढतानाच फुटल्या. त्यामुळे बाह्या आणि सील एकत्रच मागवाव्यात, हे या गाडीच्या प्रत्येक मालकाला सांगावंसं वाटतं.

दुसरी जागा डोळ्यांना दिसतच नाही. तबकडीचा सगळा जुडगा आणि खालची थ्रॉटल बॉडी यांच्यामध्ये रबराचा जाडसर, घड्यांचा नळकांडा असतो. घडीच्या आतल्या बाजूने तो चिरतो. वरून कितीही टॉर्च मारा, दिसायचा नाही. पेट्रोलचा दाब सोडून, नळ्या मोकळ्या करून, फ्युएल डिस्ट्रिब्युटरसकट अख्खा वरचा भाग उचलावा लागला. उलटा करून घड्या ताणल्या तेव्हा करंगळीएवढी चीर उघडली. तिथवर पोचलोच आहोत तर आयडलिंग व्हॉल्व्हच्या होस पण बदलून टाकल्या, पुन्हा तिथे हात घालायची वेळ येऊ नये म्हणून. व्हॉल्व्ह सफाईच्या स्प्रेने धुतला, आतून काळं पाणी निघालं.

इंजेक्टरही बाकावर पेट्रोलच्या दाबाने तपासून घेतले. चार नीट धुकं मारत होते, दोन मात्र नुसती धार सोडत होते. सहाच्या सहा नवे बसवले. इथे काटकसर करू नये, कारण एकाच दाबाला उघडणारा पूर्ण संच असेल तरच इंजिन गोल फिरतं. पेट्रोलचा पुरवठाही पाहिला, रिटर्नच्या नळीखाली मोजपात्र धरून लिटरभर यायला किती सेकंद लागतात ते मोजलं. पंप ठणठणीत, फिल्टर मात्र नवा घातला.

आणि मग गाडी सुरू केली तर धूर काळा. आधीच्या कुणीतरी गळती न शोधता मिश्रणाचा स्क्रू जाड बाजूला पिळून ठेवला होता. गळती बंद झाली आणि ती जास्तीची जाडी उघडी पडली. या इंजिनाच्या डायग्नोसिस सॉकेटवर मीटर लावला की लॅम्डाचं काम टक्क्यांत वाचता येतं. पन्नासच्या आजूबाजूला नाचणारा आकडा म्हणजे तब्येत चांगली. पन्नासवरच गोठून राहिला तर आनंद मानू नये, लॅम्डा सेन्सर बोलतच नाहीये असा त्याचा अर्थ. माझ्याकडचा काटा एका टोकाला जाऊन चिकटला होता. तीन मिलिमीटरच्या ॲलन कीने एकेक केसभर फिरवायचं, की बाहेर काढायची, इंजिनाला एक रेस द्यायची, थांबायचं, वाचायचं. आयडलिंगचा आकडा आणि अडीच हजार आरपीएमचा आकडा जवळपास सारखे आले तेव्हा म्हातारबुवा पहिल्यांदा हसले. दोन्हींत मोठं अंतर असेल तर कुठेतरी अजून गळती आहे असं समजायचं, हे त्यांनी शिकवलं.

एक्झॉस्टबद्दल थोडं. कॅट, म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टर, तुंबलाय का हे तो बदलण्याआधी मोजता येतं. कॅटच्या आधी वायू तपासायची एक छोटी नळी असते, तिला प्रेशर गेज लावून रेस दिली. मागचा दाब अगदी कमी. म्हणजे एक्झॉस्ट मोकळा होता, आणि तिथे घालायचे बरेच पैसे वाचले. कोन फिल्टरचंही तेच. मूळ डब्याला पुढून थंड हवा मिळते, तो काढून बॉनेटखालची तापलेली हवा आत घ्यायची यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

वॅगनचा परफॉर्मन्स म्हटला की मागचं सस्पेन्शनही त्यात आलं. टी-मॉडेलला मागे हायड्रॉलिक सेल्फ-लेव्हलिंग असतं, सामान कितीही भरा, गाडी मागे बसत नाही. धक्के पचवायचं काम नायट्रोजन भरलेले दोन गोळे करतात. आतला पडदा गेला की गोळे दगड होतात आणि मागची चाकं वळणावर उड्या मारतात. माझे तसेच झाले होते. गोळे बदलले, ठरलेलं हायड्रॉलिक तेल नवं भरलं आणि गाडी वळणात जमिनीला धरून चालायला लागली. पुढचे शॉक ॲब्सॉर्बर आणि ब्रेकच्या चारही होस त्याच सपाट्यात उरकल्या. टायर मूळ मापाचेच ठेवले, १९५/६५ आर १५. रुंद टायर या गाडीला छान दिसतात, पण स्टिअरिंग जड करतात.

पुन्हा त्याच डायनोवर गेलो, कारण दुसऱ्या मशीनवरचा आकडा तुलनेला चालत नाही. १७७. टॉर्कची रेघ खालून सरळ, दाते गेलेले. पस्तीस वर्षांच्या जवळ पोचलेल्या आणि अडीच लाख किलोमीटरच्या पुढे चाललेल्या इंजिनाकडून मला यापेक्षा जास्त नकोय. घाटात आता तिसऱ्या गिअरमध्ये गाडी वेग धरून चढते. ॲव्हरेज आपल्या भाषेत सांगायचं तर लिटरला सातच्या आत होतं, ते साडेआठवर आलं. टीयूव्हीच्या, म्हणजे इथल्या सक्तीच्या वाहन तपासणीत कॅट असलेल्या अशा गाडीला चढ्या आरपीएमवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो, त्यात ती आरामात बसली.

ही गाडी नेहमीच्या सुरुवातीला दुसऱ्या गिअरवरच निघते, पहिला हवा असेल तर पाय दाबावा लागतो. नवीन मालक हे पाहून घाबरतात आणि गिअरबॉक्स उघडायला जातात. आधी थ्रॉटलची दांडी तपासा, मग व्हॅक्यूमची नळी, आणि गिअरबॉक्सचा नंबर शेवटी.

माझ्या गिअरबॉक्सला मात्र खरंच थोडं काम आहे. गरम झाल्यावर दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना क्षणभर आरपीएम निसटतो. तेल आणि फिल्टर बदलून पाहिलं, टॉर्क कन्व्हर्टरलाही निचऱ्याचा बोल्ट आहे, त्यामुळे जुनं तेल जवळजवळ सगळं निघतं. फरक पडला, पण पूर्ण नाही. आता गिअरबॉक्समधल्या के१ क्लचच्या स्प्रिंगचा सुधारित संच मागवलाय. व्हॉल्व्ह बॉडी उतरवावी लागेल, आणि म्हातारबुवा म्हणतात ते काम थंडी सरल्यावरच काढू, गारठ्यात लिफ्टखाली उभं राहून बारीक स्प्रिंगा हातात धरवत नाहीत.